रुसैलचे नगरसेवक

मस्कतच्या हमरिया भागातल्या आमच्या इमारतीत एक गोरा माणूस राहायला आलाय, ही बातमी पहिल्यांदा खालच्या इस्त्रीवाल्याने दिली, आणि तीही अशा आवाजात की जणू गच्चीवर उंट चढलाय. मस्कतमधले गोरे समुद्राकडच्या वस्त्यांत राहायचे, बाग असलेल्या पांढऱ्या व्हिलांमध्ये. हमरियात खाली शिंपी, मोबाइलवाले, वापरलेल्या फ्रिजची दुकानं, आणि वर आमच्यासारखी बिऱ्हाडं. इथे गोरा दिसला तर तो रस्ता चुकलेला असायचा.

"पगार कमी असेल," माझा नवरा म्हणाला.

"नहीं साब," इस्त्रीवाला म्हणाला. "मैंने पूछा. बोला, उधर बंगले में आदमी नहीं दिखता. इधर दिखता है."

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या व्हॅनमध्ये तोच माणूस माझ्या शेजारी येऊन बसला. मी तेव्हा रुसैलच्या औद्योगिक वसाहतीत, प्लास्टिकचे पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी विभागात होते. हे आमचे नवे मेंटेनन्स मॅनेजर निघाले. पन्नाशी उलटलेली, अंगाने उंच, खांदे जरा वाकलेले, नाकाची साल उन्हाने आधीच निघालेली. हातात भलीमोठी काळी छत्री. त्यांनी दोन्ही हातांत माझा हात धरून हलवला आणि म्हणाले, "आजच्या उन्हाबद्दल माफ करा." हे वाक्य ते पुढे रोजच म्हणायचे, जणू ऊन त्यांच्याच खात्याकडे होतं. रुसैल येईपर्यंत त्यांनी माझं माहेर, सासर, वडिलांची नोकरी, डोंबिवलीतल्या आमच्या गल्लीत रस्त्यावरचे दिवे लागतात का आणि पावसाळ्यात गटारं तुंबतात का, हे सगळं विचारून घेतलं. माझ्या नवऱ्यानेसुद्धा लग्नाआधी इतकं विचारलं नव्हतं.

उतरताना मी विचारलं, "तुम्ही याआधी काय करत होता?"

"इंजिनिअर होतो," ते म्हणाले. आणि मग जरा थांबून, "पण खरं म्हणजे कौन्सिलर."

आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका लहान गावात ते दहा वर्षं नगरसेवक होते. कुठल्या पक्षाचे नाहीत, अपक्ष. आदल्या निवडणुकीत थोडक्यात पडले. त्याच सुमारास तिकडे मंदी आली, ज्या कारखान्यात ते नोकरीला होते तो बंद पडला, आणि बायकोला गावी ठेवून ते ओमानला आले. बायको गावी, नवरा आखातात. आमच्या कारखान्यातल्या कोकणातल्या मुलांचीही तीच कथा होती, म्हणून असेल, पण त्यांचं आणि या मुलांचं पहिल्या आठवड्यातच जुळलं.

"नगरसेवक" हे नाव सावंतने ठेवलं. सावंत कुडाळकडचा, पाइपच्या मशीनवरचा जुना ऑपरेटर. कामगारांच्या कॅम्पमधली मराठी मुलं त्याचं ऐकायची. नवे मॅनेजर दुपारच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये प्रत्येक टेबलाशी जाऊन हात मिळवतात आणि "कोई तकलीफ? पानी? लाइट? रास्ता?" असं विचारतात, हे त्याने दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाला, "वहिनी, आमच्या वाडीतलो मेंबर निवडून येवन पण इतक्या इचारना नाय. हेंका कोणी मत दिल्यानी?"

मी सांगितलं की ते तिकडे खरोखरच नगरसेवक होते. सावंतला फार आनंद झाला. त्या दिवसापासून मराठी मुलं त्यांना नगरसेवक म्हणू लागली आणि मल्याळी, बंगाली, नेपाळी मुलांनीही तो शब्द उचलला. नव्या मॅनेजरना अर्थ समजावून सांगितल्यावर ते गंभीर झाले. "पण मी सध्या पडलेला आहे," म्हणाले. "हे त्यांना सांगा. फसवणूक नको."

निवडून न आलेला माणूस नगरसेवकाचं काम करू शकत नाही, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. दर गुरुवारी संध्याकाळी ते आमच्या इमारतीसमोरच्या केरळी कॅफेटेरियात, दाराजवळच्या टेबलाशी बसायचे. पुढ्यात बिनदुधाचा सुलेमानी चहा, खुर्चीला टांगलेली छत्री. तिकडे गावी याला 'क्लिनिक' म्हणतात, असं त्यांनी मला सांगितलं. नगरसेवक ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी बसतो आणि कोणीही येऊन गाऱ्हाणं सांगतो. हमरियात पहिल्या गुरुवारी कोणीच आलं नाही. दुसऱ्या गुरुवारी इस्त्रीवाला आला, त्याच्या दारासमोर कचऱ्याचा डबा ठेवतात म्हणून. डबा पलीकडे सरकला. त्यानंतर खुर्च्या कमी पडायला लागल्या.

ते कागदावर काही लिहीत नसत. सगळं डोक्यात. आणि प्रत्येकाला काय झालं ते पुढच्या आठवड्यात सांगत, झालं नसेल तर तेसुद्धा. नवरा एकदा म्हणाला, "अहो, यातला एकही माणूस तुम्हाला कधी मत देऊ शकणार नाही. मग कशासाठी?"

"म्हणून तर बरं वाटतं," ते म्हणाले. "गावी एखाद्याचं गटार साफ करून दिलं की रात्री मनात हिशेब चालतो, घरात चार मतं आहेत, दोन तरी मिळतील का. इथे नुसतं गटार असतं."

त्यांच्या हातात अधिकार कसलेच नव्हते, पण दुसऱ्याच्या अधिकाराला कामाला कसं लावायचं ही विद्या होती. आमच्या कारखान्याची पहिली पाळी सुटायची ऐन दुपारी. मुलं हजेरी लावून गेटबाहेर पडायची आणि कॅम्पवर नेणारी बस येईपर्यंत रस्त्याकडेला उभी राहायची. झाड नाही, छप्पर नाही. बस कधी वेळेवर यायची, कधी दुसऱ्या फेरीत अडकायची. जून महिन्यात एक दिवस तेलंगणातला एक मुलगा तिथे चक्कर येऊन पडला. डोक्याला खोक पडली. नगरसेवक जीएमकडे गेले, गेटबाहेर शेड हवी म्हणून. आमचे जनरल मॅनेजर ठाण्याचे, मराठीच. माणूस वाईट नव्हता, पण त्यांची केबिन इतकी थंड असायची की बाहेर उन्हाळा आहे हे त्यांना वर्तमानपत्रातून कळत असावं. ते म्हणाले, गेटबाहेरची जागा आपली नाही, बघू, अर्बाबला म्हणजे मालकाला विचारू, इन्शाल्ला. या तिन्ही गोष्टींचा अर्थ एकच होता.

नगरसेवक वाद घालत बसले नाहीत. आठवड्याने भर दुपारी ते पुन्हा जीएमच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, गेटबाहेर पाण्याच्या लाइनला गळती असल्याचा संशय आहे, तुम्ही एकदा डोळ्यांनी पाहिलेलं बरं. मी तेव्हा सहीसाठी फायली घेऊन तिथेच होते, म्हणून मलाही बरोबर घेतलं. बाहेर गेलो. गळती काही दिसेना. नगरसेवक खाली वाकून व्हॉल्व्ह पाहत होते, मग दुसरा पाहत होते, मग आयर्लंडमधल्या पाण्याच्या लाइनी कशा टाकतात ते समजावत होते. स्वतः छत्रीत. जीएमच्या टकलावर आधी थेंब आले, मग ओघळ, मग ते माझ्याकडच्या फाइलने डोकं झाकायला लागले. तेवढ्यात पाळी सुटली. मुलं बाहेर आली आणि आमच्या भोवती उभी राहिली. बस आली नाही.

"किती वेळ उभं राहतात हे इथे?" शेवटी जीएमनी विचारलं.

"आजच्याइतकाच," नगरसेवक म्हणाले, आणि पहिल्यांदा त्यांच्या डोक्यावर छत्री धरली.

शेड झाली. पण मला जास्त लक्षात राहिला तो पुढचा भाग. नगरसेवकांनी मला लाल रिबीन मागवायला लावली आणि जीएमच्या हस्ते शेडचं उद्घाटन केलं. टाळ्या, लाडू, फोटो. जीएम इतके खूश झाले की दुसऱ्या दिवशी बाकं आणि थंड पाण्याचा कूलर त्यांनी आपणहून दिला.

"श्रेय तुमचं होतं," मी व्हॅनमध्ये म्हणाले.

"श्रेय घेतलं असतं तर शेड मिळाली असती," ते म्हणाले. "कूलर नसता मिळाला."

सावंतचे वडील वारले ती गोष्ट मात्र वेगळी. फोन आला तेव्हा तो कामावर होता. रजा मिळून, तिकीट काढून, कुडाळला पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार, म्हणून थोरल्या भावानेच सांगितलं, येऊ नको. त्या संध्याकाळी मी आणि नवरा कॅम्पवर गेलो. पत्र्याच्या छपराची लांब बरॅक, एका खोलीत सहा कॉट. सावंत खालच्या कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसला होता. आजूबाजूची मुलं मोबाइल चाळत होती.

दार उघडलं आणि नगरसेवक आत आले. काळा सूट, काळा टाय. त्या उकाड्यात. कॉलरपर्यंत घामाने भिजलेले. त्यांनी सावंतचा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "आपका तकलीफ का मेरेको दुख." त्यांच्या गावी मयताच्या घरी गेल्यावर म्हणायचं एक ठरलेलं वाक्य असतं, त्याचं हे त्यांनी हिंदी करून आणलं होतं. मग ते शेजारच्या कॉटवर बसले. आणि बसून राहिले. मध्ये फक्त एकदा विचारलं, "पिताजी कैसा आदमी था?"

सावंत भिंतीकडून वळला. मग बोलायला लागला. वडील होडीवर जायचे, त्यांचा आवाज कसा मोठा होता, आंबा कसा हुंगून निवडायचे. बोलता बोलता आवाज फुटला आणि तो लहान मुलासारखा रडला. आम्ही सगळे दुपारपासून त्याला "रडू नको" म्हणत होतो.

परत येताना गाडीत त्यांनी टाय सैल केला. "गावी आम्ही कुणाचंही मयत चुकवत नाही," म्हणाले. "लोक म्हणतात मतांसाठी जातात. सुरुवातीला मतांसाठीच जात होतो."

आता निवडणुकीकडे येते. त्यांच्याकडची मतदानाची पद्धत वेगळी आहे. आपण एकाच नावापुढचं बटण दाबतो. तिकडे मतपत्रिकेवर आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे लिहायचे. ज्याला पहिली पसंती सगळ्यांत कमी, तो बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यावरच्या पुढच्या पसंतीच्या माणसाकडे जातात. पुन्हा मोजायचं, पुन्हा शेवटचा बाद. असं करत जागा भरेपर्यंत. हे कॅम्पवर कोणाला कळेना, तेव्हा त्यांनी शुक्रवारच्या जेवणाची निवडणूक घेतली. उमेदवार चार: चिकन बिर्याणी, सुरमई, मटण आणि छोले. पहिल्या मोजणीत बिर्याणी पुढे होती आणि बिर्याणीवाले नाचायला लागले. मग छोले बाद झाले, मग मटण बाद झालं, आणि मटणवाल्यांची दुसरी पसंती निघाली सुरमई. शेवटी सुरमई जिंकली.

"पयल्या नंबराक आसली ती हरली?" सावंत म्हणाला. "ह्या खयचा गणित?" पण तो सुरमईवाला होता. त्याने त्याच दिवशी ती पद्धत मनापासून स्वीकारली.

दोन हजार चौदाच्या सुरुवातीला एका सकाळी व्हॅनमध्ये नगरसेवक मला म्हणाले, "मी उभा राहतोय."

मे महिन्यात आयर्लंडभर स्थानिक निवडणुका होत्या. त्यांच्या गावची नगरपरिषदच सरकारने रद्द केली होती, देशातल्या सगळ्याच नगरपरिषदा रद्द झाल्या होत्या. आता उभं राहायचं ते थेट मोठ्या काउंटी कौन्सिलला, आजूबाजूच्या कितीतरी गावांसह. घरच्या लोकांना ते वेडेपण वाटत होतं. बायको फोनवर म्हणाली होती, इथे होतास तेव्हा पडलास, आता वाळवंटातून येऊन निवडून येशील?

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"पडेन," ते म्हणाले. "पण आता मला काहीतरी माहीत आहे जे आधी नव्हतं. ते नेमकं काय आहे हे कळत नाहीये."

बिनपगारी रजा घेऊन ते एप्रिलमध्ये गेले. छत्री घेऊन गेले, तिकडे तिचा खरा उपयोग होता. थोड्याच दिवसांत त्यांचा फोटो आला: पावसात निथळत असलेला विजेचा खांब, त्याला बांधलेला फलक, फलकावर त्यांचा चेहरा. मुलांनी तो फोटो आपापल्या मोबाइलवर लावला. पण सावंतचं समाधान झालं नाही. फलकावर एकट्याचाच चेहरा कसा? खाली शुभेच्छुक कुठे आहेत? मग कॅम्पवरच्या एका मुलाने कॉम्प्युटरवर अस्सल आपल्याकडचा फ्लेक्स तयार केला. मध्ये हात जोडलेले नगरसेवक (हात दुसऱ्याच कुणाचे होते, जोडून घेतले होते), मागे उगवता सूर्य, आणि खाली गोल चौकटींत सगळ्या मुलांचे फोटो, काळे चष्मे लावलेले. "आपले लाडके नगरसेवक यांना हार्दिक शुभेच्छा. शुभेच्छुक: समस्त मित्रमंडळ, रुसैल, ओमान." हिंदीतून आणि मल्याळममधूनही. कोपऱ्यात जीएम होते. त्यांनी स्वतः फोटो दिला होता.

त्या महिन्यात आपल्याकडे लोकसभेचे निकाल लागले आणि मस्कतमधल्या प्रत्येक घरी, प्रत्येक कॅफेटेरियात तेवढीच चर्चा. आमच्या कारखान्यात मात्र त्याच्या पुढच्या आठवड्याची वाट पाहणं चाललं होतं. गंमत म्हणजे त्या मुलांपैकी कित्येकांनी स्वतः कधी मतदानच केलं नव्हतं. अठरा-एकोणिसाव्या वर्षी आखातात आलेली, निवडणुकीच्या वेळी गावी असण्याचा योगच आला नाही.

मतदान शुक्रवारी झालं, मोजणी शनिवारी सुरू झाली. आम्हाला सुट्टी होती. सावंत आणि दोघं मुलं दुपारीच आमच्या घरी आली. नवऱ्याने लॅपटॉपवर त्यांच्या भागातला स्थानिक रेडिओ लावला. निवेदकाचं इंग्रजी असं की एक शब्द पडताळायला तिघं लागायचे. आम्ही फक्त त्यांचं आडनाव ऐकू येतंय का तेवढंच टिपत होतो. संध्याकाळी पहिली मोजणी कळली. ते खालून तिसरे होते.

"खलास," एक मुलगा म्हणाला.

"गप रव," सावंत म्हणाला. "सुरमई पण खाली होती."

सुरमई काही इतकी खाली नव्हती, पण सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी आणखी दोन फेऱ्या झाल्या. शेवटचा उमेदवार बाद झाला, मग त्याच्यावरचा. दोघांचीही थोडी थोडी मतं नगरसेवकांकडे आली आणि ते एक पायरी वर सरकले. माझा नवरा, ज्याने या सगळ्याला "रिकामटेकडेपणा" म्हटलं होतं, तो पेन्सिल घेऊन आकडेमोड करत बसला आणि जेवायला उठेना.

रविवारी कारखाना सुरू. दुपारी मोजणी पुन्हा सुरू झाल्याचं कळलं आणि कामावरचं लक्ष उडालं. मी टेबलाखाली मोबाइल धरून बसले होते. ते दर फेरीत थोडे थोडे वर येत होते. पुढे गेलेले उमेदवार जागच्या जागी थांबले होते आणि हे मागून येत होते. एका फेरीत कोणीतरी बाद झालं आणि त्यांना एकदम गठ्ठ्याने मतं मिळाली. शेवटची एक जागा उरली होती, आणि तिच्यासाठी दोघं. एक एका मोठ्या पक्षाचा जुना नगरसेवक आणि दुसरे आमचे.

माझा मोबाइल अडकला. चक्र फिरत राहिलं, पुढे काही येईना. तेवढ्यात जीएमच्या केबिनचं दार धाडकन उघडलं. एका कानात इअरफोन लोंबत असलेले आमचे जनरल मॅनेजर बाहेर आले आणि ओरडले, "आला! तुमचा माणूस आला!"

मशीनचा आवाज होता तरी ते पार गेटबाहेरच्या शेडपर्यंत ऐकू गेलं. मुलं पळत आली. कोणी कुणाला मिठी मारतंय, कोणी शिट्ट्या मारतंय, पाइपचे तुकडे एकमेकांवर आपटून बँड वाजतोय. जीएमनी लाडू मागवायला सांगितले. या सगळ्यात सावंत माझ्याजवळ उभा होता. तो हसता हसता थांबला.

"वहिनी," म्हणाला, "म्हणजे ते आता परत येवचे नाय?"

हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. महिनाभर आम्ही त्यांच्या विजयासाठी देव पाण्यात घालून बसलो होतो, आणि जिंकल्यावर ते तिकडेच राहणार ही साधी गोष्ट सुचली नव्हती. सावंतच्या शेजारच्या मुलाने ते ऐकलं, त्याने त्याच्या शेजारच्याला सांगितलं, आणि हळूहळू बँड थांबला. लाडू आले तेव्हा कोणी हात पुढे केला नाही.

"बरा झाला," सावंत स्वतःशीच म्हणाला. "बायकोकडे गेले. घराक गेले." आणि त्याने पहिला लाडू उचलला.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज बसलेला. मी अभिनंदन केलं, तर म्हणाले, "थांबा, आधी तुम्हाला एक सांगायचंय. मला जे कळत नव्हतं ना, ते कळलं."

त्यांच्या गावात मांस पॅक करण्याचा कारखाना आहे. तिथे ब्राझीलची, पोलंडची माणसं कामाला. रुग्णालयात केरळच्या नर्सेस. ही सगळी गावाच्या एका टोकाला भाड्याच्या घरांत राहतात. आणि आयर्लंडमध्ये स्थानिक निवडणुकीला तिथे राहणाऱ्या कुणालाही मत देता येतं, नागरिक असो वा नसो. फक्त नाव नोंदवायला हवं.

"दहा वर्षं मी त्या रस्त्याने जायचो," ते म्हणाले. "एका बाजूची दारं वाजवायचो आणि दुसरी बाजू सोडून द्यायचो. त्यांना मत आहे हे मला माहीत होतं. पण त्यांच्याशी काय बोलायचं ते माहीत नव्हतं. या वेळी आल्या आल्या त्याच बाजूला गेलो. विचारलं, बायको कुठे आहे? गावी कधी जाणार? वडील आहेत का? रुसैलला हेच तर विचारत होतो. त्यांना नावं नोंदवायला लावली. आणि तुमचा फ्लेक्स दाखवला. केरळच्या नर्सेस जीएमचा फोटो पाहून इतक्या हसल्या की त्यांनी मला आत बोलावून जेवायला घातलं."

मग त्यांनी बसलेला घसा साफ केला.

"पहिल्या पसंतीला मी कुणालाच फारसा नको होतो," म्हणाले. "पण त्या बाजूच्या प्रत्येक दाराने मला कुठे ना कुठे आकडा दिला."

जूनच्या मध्यावर ते व्हिसा रद्द करायला आणि सामान न्यायला चार दिवस आले. शुक्रवारी कॅम्पवर जेवण होतं. सुरमई होती, यावेळी निवडणूक न घेता. जेवणं झाल्यावर ते खोल्याखोल्यांतून फिरले आणि नेहमीसारखं विचारायला लागले, "कोई तकलीफ? पानी? लाइट?"

"नहीं साब. सब ठीक है."

दुसऱ्या खोलीत तेच. तिसऱ्या खोलीत तेच. ज्या कॅम्पवर त्यांना पाहिलं की तक्रारींची रांग लागायची, तिथे एकालाही काही दुखत नव्हतं. ठरवून झालं नसावं. निदान माझ्या तरी कानावर काही आलं नव्हतं. तिसऱ्या खोलीतला एसी बंद होता, सगळ्यांच्या बनियनी अंगाला चिकटल्या होत्या, आणि मुलं हसत सांगत होती की एकदम थंडा है. मागच्या पाण्याच्या टाकीला झाकण नव्हतं. सावंतची रजा ते इथे असल्यापासून तीन वेळा पुढे ढकलली गेली होती आणि तो सांगत होता, "अपना तो मस्त चालू है साब. आप घर जाओ."

"कुछ तो बोलो," ते म्हणाले. जवळजवळ विनवणीच होती ती.

"कुछ नहीं साब."

त्यांनी एकेकाशी दोन्ही हातांनी हात मिळवला. हमरियाला परत येताना गाडीत ते खिडकीबाहेर पाहत बसले होते. इमारतीपाशी उतरताना एवढंच म्हणाले, "इतकी वर्षं राजकारणात काढलीत मी. माझ्याशी इतकं वाईट खोटं आजवर कुणी बोललं नव्हतं." डोळे पुसले, आणि जिना चढून गेले.

रविवारी सकाळी त्यांचं विमान होतं. मी कामावर पोचले तेव्हा जीएम माझी वाटच पाहत होते. केबिनमध्ये बोलावलं. चेहरा वैतागलेला.

"सकाळी सकाळी विमानतळावरून फोन," म्हणाले. "बोर्डिंग चाललंय म्हणे, मागून घोषणा ऐकू येतायत, आणि हा माणूस मला सांगतोय, तिसऱ्या खोलीतला एसी, टाकीचं झाकण, सावंतची रजा. कंपनीत नाही, देशात नाही, निवडून आलाय कुठे आणि डोकं कुणाचं खातोय! हे सगळं त्याला सांगितलं कुणी?"

"कुणीच नाही, सर," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग खुर्चीत मागे टेकले, आणि हसू आवरेना तसे हसायला लागले.

"एसीची ऑर्डर आजच काढा," म्हणाले.

मी काढली. झाकणही त्याच आठवड्यात बसलं. सावंत त्या वर्षी गणपतीला कुडाळात, आपल्या घरी होता.